हिंडलग्यात क्रॅब अ‍ॅपल येईल का? आणि नर्सरीनं मला दिलंय ते नक्की काय आहे?

अंगणवेडी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. मी बेळगावजवळच्या हिंडलग्याची. नोकरी संपली, आता अंगण एके अंगण. घरामागं दोन गुंठे जागा आहे. माती तांबडी, दीड फूट खणलं की जांभा दगड लागतो. पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात थोरलीकडं ओहायोला होते. तिच्या मागच्या कुंपणाला एक वाकडंतिकडं काटेरी झाड आहे. पहिले आठ दिवस मी तिला म्हणत होते, हे कशाला ठेवलंयस, पोराच्या डोळ्यात काटा जाईल. आणि एका सकाळी चहाचा कप घेऊन मागं गेले तर झाड ओळखू येईना. कळ्या गडद गुलाबी, उमललेलं फूल फिकट, आणि वास असा की कप हातातच राहिला. मधमाश्यांचा नुसता घुमारा. थोरली म्हणाली, हे इथलंच रानटी क्रॅब अ‍ॅपल. फळं आंबट्ट, नुसती खाववत नाहीत, पण तिनं केलेली जेली मी पोळीशी रोज खाल्ली.

परत आले ती डोक्यात झाड घेऊनच. इथल्या एका नर्सरीत विचारलं, तर 'मिळतंय की' म्हणून ४५० रुपयांना पिशवीतलं रोप दिलं. जुलैत लावलं. आता माझ्या खांद्याला लागतंय. काटे आहेत, म्हणून मी खूश होते. पण दिवाळीच्या आधी फुलं आली ती बारीक, हिरवट, वास काही धड नाही. शेजारच्या अक्का म्हणतात हे बोर आहे. मला सांगा, क्रॅब अ‍ॅपल पहिल्या वर्षी असं फुलतं का?

तिसरंगेट | ९ फेब्रुवारी, रात्री १०.०५

अक्कांचं ऐका.

पानशिरा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

काकू, एक पान तोडून उजेडात धरा आणि तीन गोष्टी बघा.

१. देठापासून तीन ठळक शिरा एकदम निघून टोकाकडं जातात का?
२. पान मागून पांढरट, लोकरीसारखं आहे का?
३. काटे देठाच्या बुडाशी आहेत आणि त्यातला एखादा मागं वळलेला आहे का?

सफरचंदाच्या कुळात पानाला मधोमध एकच शीर असते, बाकीच्या तिच्यातून पिसासारख्या फुटतात. आणि क्रॅब अ‍ॅपलचे काटे म्हणजे खरं तर आखूड, टोकदार झालेल्या फांद्या असतात.

अंगणवेडी | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

तीन शिरा. मागून पांढरं. काटा वळलेला, आत्ताच बोटाला लागला.

पानशिरा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.०२

मग बोरच. 'अ‍ॅपल बोर' म्हणून जे कलम विकतात ते. त्याला अ‍ॅपल म्हणतात ते फक्त फळाच्या आकारावरून.

तिसरंगेट | १० फेब्रुवारी, सकाळी ८.३०

काकू, वाईट वाटून घेऊ नका. अ‍ॅपल मागितलं तर या गावात काय काय हातात पडतंय बघा. कस्टर्ड अ‍ॅपल म्हणजे सीताफळ, वूड अ‍ॅपल म्हणजे कवठ, वॉटर अ‍ॅपल म्हणजे जाम, काजूचं बोंड तेही अ‍ॅपल. तुम्हाला निदान खायला येणारं तरी मिळालंय. माझ्या मेव्हण्यानं ऑनलाइन 'निळं सफरचंद' मागवलं होतं, त्याचं काय आलं ते विचारूच नका.

निपाणीकर | १० फेब्रुवारी, दुपारी १.१०

काय आलं?

तिसरंगेट | १० फेब्रुवारी, दुपारी १.१४

धने.

पानशिरा | १० फेब्रुवारी, रात्री १०.४५

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. बेळगावात खरं क्रॅब अ‍ॅपल येईल का? रोप जगेल कदाचित, बहर यायचा नाही.

कारण थंडी. या झाडांच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय उठत नाहीत. ढोबळ हिशेब असा की पारा ७ अंशांच्या खाली किती तास राहिला ते मोजायचं. नेहमीच्या सफरचंदांना असे ८०० ते १२०० तास लागतात. ओहायोतलं रानझाड तर बर्फात उभं राहून वाढलेलं. आपल्याकडं पहाटे १२-१४ अंश झाले की लोक स्वेटर काढतात. कधीतरी एखादी पहाट १० च्या खाली जाते, पण ७ च्या खालचे तास मोजायला बसलात तर एका हाताची बोटंही पुरतील.

भारतात रानटी सफरचंदं आहेत, पण ती हिमालयात. काश्मीर-हिमाचलात मॅलस बक्काटा (मॅलस हे सफरचंदाचं शास्त्रीय नाव), ज्याच्या रोपांवर सफरचंदाची कलमं बांधतात. मेघालयात खासी लोक ज्याला सोह-फोह म्हणतात ते त्याच्याच नात्यातलं. सह्याद्रीत मात्र या कुळातलं सफरचंद नाही. ना आंबोलीला, ना जांबोटीला.

वाळवीत्रस्त | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.००

पण कर्नाटकात सफरचंदं लावलेली व्हिडिओत दिसतात की. ती खोटी काय?

पानशिरा | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

खोटी नाहीत. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ नावाचं वाण काढलं, ते उष्ण भागातही फळतं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. अ‍ॅना नावाचं इस्राएलचं वाणही कमी थंडीत चालतं. आणि जावा बेटावर मलंगच्या डोंगरात तर शेतकरी हातानं झाडाची सगळी पानं ओरबाडून काढतात. थंडीऐवजी पानगळीचा धक्का देऊन झाडाला फसवायचं, आणि वर्षातून दोनदा पीक घ्यायचं.

पण ही सगळी खायची सफरचंदं. काकूंना हवंय ते कुंपणावरचं, आंबट, कुणी न जोपासलेलं झाड.

ओहायोतली_थोरली | ११ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आईनं लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. झाडाविषयी दोन शब्द मीही सांगते.

अमेरिकेत मूळचे रानटी क्रॅब अ‍ॅपल चार. पूर्वेकडं मॅलस कोरोनारिया, दक्षिणेकडं अँगुस्टिफोलिया, मधल्या गवताळ प्रदेशात आयोएन्सिस आणि पश्चिम किनाऱ्याला फुस्का. आमच्या मागचं आहे ते कोरोनारिया. गंमत म्हणजे रस्त्याकडेला जी गच्च फुललेली क्रॅब अ‍ॅपलं दिसतात ती बहुतेक आशियातल्या जातींचे संकर. मूळचं रानझाड इथल्या नर्सरीतही शोधावं लागतं. आमच्याकडं ते घर घेतानाच होतं, आणि आधीच्या मालकानं दोनदा तोडूनही बुडातून फुटवे काढून परत आलेलं.

त्याची फळं पिकली तरी हिरवट-पिवळी राहतात, मोठ्या आवळ्याएवढी, हाताला तेलकट लागतात. बी पेरायचं तर ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवायचं, नाहीतर उगवत नाही. आणि एकटं झाड स्वतःच्या परागावर धड फळत नाही. आमच्याकडं शेजाऱ्यांचं सफरचंद आहे म्हणून भागतं.

आई, तू बिया पर्समध्ये टाकून नेणार होतीस ते इथं सांगू का?

अंगणवेडी | ११ फेब्रुवारी, रात्री ८.४१

सांगितलंसच की.

पानशिरा | ११ फेब्रुवारी, रात्री ९.१५

नाही आणल्या ते उत्तम. वनस्पती-संगरोधाचा, म्हणजे क्वारंटाइनचा, २००३ चा आदेश आहे. परदेशातून बी आणायचं तर आयातीचा परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. चार बियांसाठी कोण करणार, पण रोग मात्र चार बियांतूनही येतो.

जांबोटीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

सगळं वाचलं. काकू, एक विचारू का? तुम्हाला काय पाहिजे? काटेरी झाड, आंबट फळ, पोळीबरोबर खायला जेली, मधमाश्या, आणि मुद्दाम कुणी लावत नाही असं. बरोबर?

मग ओहायोला कशाला जाताय? जांबोटीच्या रस्त्याला लागा.

आमच्या रानात अळू आहे. भाजीचं अळू नव्हे, झाड. उभे सरळ काटे, जोडीजोडीनं. फळ दिसायला अगदी लहान सफरचंद, वर देठाच्या उलट बाजूला खळगा. हिरवं असताना तोंड आखडतं. पिकलं की तपकिरी होतं, साल सुरकुततं, आत मऊ पिठूळ गोड-आंबट गर आणि चार-पाच कठीण आठळ्या. आमची आजी कच्ची अळवं तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायची. कणगीला वास सुटला की आम्हाला कळायचं. तिला वाटायचं पोरांना ठाऊक नाही. मी तर म्हणतो सह्याद्रीचं क्रॅब अ‍ॅपल म्हणजे हेच.

दुसरं नेर्ली. आत्ता फेब्रुवारीत लागायला लागलेत, मार्चभर चालतील. झुडूप आहे, दुसऱ्या झाडावर रेलून चढतं. पानाच्या मागं चंदेरी वर्ख लावल्यासारखं असतं, बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते. फळ लांबट, गुलाबी-लाल, त्यावर चांदीचे ठिपके. कच्चं खाल्लं तर एक डोळा आपोआप मिटतो.

तिसरं करवंद. ते सांगायला नको.

पानशिरा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

जांबोटीकर, दंडवत. अळू म्हणजे मेयना लॅक्सिफ्लोरा, कॉफीच्या कुळातलं. सफरचंदाशी नातं शून्य, पण तुमचं म्हणणं मान्य. नेर्ली म्हणजे इलिॲग्नस कॉन्फर्टा, कोकणात आंबगुळ म्हणतात. तिच्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र बांधते. जांभ्याच्या निकृष्ट मातीत म्हणूनच तगते.

दोन_बोटं_साखर | १२ फेब्रुवारी, दुपारी ३.१०

जेलीसाठी करवंदाला तोड नाही. त्यात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट धरणारा पदार्थ, भरपूर, वरून काही घालावं लागत नाही. मात्र सगळी काळी, पिकलेली घेऊ नका. निम्मी लाल, जरा कच्चट हवीत, त्यांच्यामुळंच जेली धरते. धुताना हाताला तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. बुडतील एवढंच पाणी घालून शिजवायची, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायची. पिळायची नाहीत. पिळलीत की जेली गढूळ. मोह आवरत नसेल तर फडकं टांगून झोपायला जा. सकाळी जमलेल्या वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. ताटलीत थेंब टाकून बोटानं सारला आणि सुरकुती पडली की उतरवायचं.

ओहायोतली_थोरली | १२ फेब्रुवारी, रात्री ७.५०

अगदी हीच कृती! फडकं न पिळण्यासकट. मला शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी शिकवली. मी पहिल्या वर्षी पिळली होती.

निपाणीकर | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.००

आमच्याकडं काळी माती हो. पावसात चप्पल सोडत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. हे अळू-नेर्ली चालेल काय?

जांबोटीकर | १३ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

नको. ती डोंगरउताराची झाडं, पाणी निचरून गेलं पाहिजे. तुम्ही कवठ लावा, भोकर लावा. बोर पाहिजे असेल तर काकूंचं न्या.

अंगणवेडी | १३ फेब्रुवारी, दुपारी १.००

बोर मी देणार नाही. आता त्याच्यावर जीव जडलाय.

अंगणवेडी | १८ मार्च, रात्री ९.१०

मंडळी, पुन्हा फसले.

नर्सरी यावेळी दुसरी होती. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, नेर्लीचं रोप आहे का? 'हां हां, इदे, इदे' म्हणत तो मागं गेला आणि छान तुकतुकीत पानांचं रोप घेऊन आला. १२० रुपये. घरी येऊन पान उलटं केलं. चंदेरी वर्ख वगैरे काही नाही, हिरवंच. चुरगाळलं तर ओळखीचा वास.

तिसरंगेट | १८ मार्च, रात्री ९.१३

काकू! कन्नडमध्ये नेरळे म्हणजे जांभूळ!

अंगणवेडी | १८ मार्च, रात्री ९.१५

आता कळलं. तीस वर्षं या गावात शिकवलं, बाजारात दर मे महिन्यात 'नेरळे हण्णु' ऐकलं, आणि नर्सरीत गेल्यावर डोकं घरी राहिलं.

तिसरंगेट | १८ मार्च, रात्री ९.३०

पोराची चूक नाही हो. तुम्ही मराठीत मागितलंय, त्यानं कन्नडमध्ये दिलंय. सीमाभागाचा प्रश्न तो हाच. पुढच्या वेळी यादी घेऊन जावा. करवंद मागायचं तर 'कवळी हण्णु', कोकम पाहिजे तर 'मुरुगल'. जांभळाचं झाड मात्र कंपाउंडला चिकटून लावू नका. वीस वर्षांनी शेजारी आणि तुम्ही दोघंही ग्रामपंचायतीत बसाल.

वाळवीत्रस्त | १९ मार्च, सकाळी ८.१५

कोकमाचा विषय निघालाय तर माझं एक दुखणं. बी पेरून वाढवलेलं कोकम, नऊ वर्षांचं, गच्च हिरवं, एक फळ नाही. खत घातलं, निंबोळी पेंड घातली, एकदा शिव्याही घातल्या.

पानशिरा | १९ मार्च, सकाळी ९.४०

नर निघालं असणार. कोकमात नर-मादी झाडं वेगळी, आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोकमाचं कलमच घ्यावं, दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण अमृता मिळालं तर बघा. तोडू नका, शेजारी मादी कलम लावलंत तर हाच नर कामाला येईल.

अंगणवेडी | १९ मार्च, रात्री ८.००

मग मी रोपांसाठी कुठं जाऊ? जांबोटीला येऊन रानातलं एखादं उपटून आणू का?

जांबोटीकर | १९ मार्च, रात्री ८.५०

काकू, ते तेवढं नको. एक तर जंगल खात्याच्या हद्दीतलं रोप काढणं गुन्हा, आणि भीमगड अभयारण्य लागूनच आहे, तिथं काडीला हात लावायचा नाही. दुसरं, उपटलेलं जगतही नाही. अळूचं सोटमूळ जांभ्याच्या भेगेत गेलेलं असतं, ते तुटतं. मी तरुणपणी अशी सात-आठ मारलीत, अजून आठवतात.

एप्रिल-मेमध्ये आमच्या खानापूर भागातल्या बायका बुट्ट्या घेऊन शहरात बाजाराला बसतात. त्यांच्याकडून रानमेवा घ्या, खा, आणि बिया ठेवा. घासाघीस करू नका. पहाटे चारला उठून काट्यातनं काढलेलं असतंय.

बी लगेच पेरायचं. करवंदाचं तर आठवडाभरात, वाळलं की मेलं. नेर्लीच्या बीला लांबट धारा असतात आणि आत लोकर, ती धुऊन काढा. अळूच्या आठळ्या दगडासारख्या. मी त्या चार दिवस शेणकाल्यात भिजवतो, मग वाळू-माती निम्मी निम्मी घालून पिशवीत. उगवायला महिना लागतो, दोन लागतात. पिशवी फेकून देऊ नका, एवढंच.

अंगणवेडी | २० मार्च, सकाळी ७.००

आणि गुलाबी बहर? तो कशात मिळेल?

वाळवीत्रस्त | २० मार्च, सकाळी ७.२०

गिरिपुष्प लावा. आत्ता सगळीकडं गुलाबी झालंय.

पानशिरा | २० मार्च, सकाळी ७.५५

ते मध्य अमेरिकेकडचं. तिथूनच आणायचं तर ओहायोनं काय पाप केलं होतं?

गुलाबी नाही मिळणार, पण करवंदाची फुलं बघितलीत का कधी जवळून? पांढरीशुभ्र, पाच पाकळ्या, जाईच्या वासाची, देठाकडं कळीला किंचित गुलाबी झाक. कुंपणाला तीन-तीन फुटांवर ओळीनं लावा. चौथ्या वर्षी चहाचा कप घेऊन मागं जा.

निपाणीकर | २० मार्च, सकाळी ८.३०

करवंदीच्या जाळीत साप येतात म्हणे.

जांबोटीकर | २० मार्च, दुपारी २.००

साप उंदरामागं येतो, करवंदामागं नाही. कुंपणाजवळ कचरा साठवू नका.

अंगणवेडी | १७ मे, दुपारी ४.३०

बाजारात जाऊन आले. करवंदं पळसाच्या द्रोणात, अळवं एका म्हाताऱ्या मावशीकडंच होती, तीही वाटाभरच. त्यांना म्हटलं, मावशी, बिया लावणार आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, "लाव की बाई, आमच्या रानात आता कमीच झाल्यात." आणि वर चार अळवं जास्त टाकली.

करवंदाच्या चाळीस बिया धुऊन लगेच पेरल्या. अळूच्या चोवीस आठळ्या शेणकाल्यात. सून म्हणते, आई, फ्रीजशेजारी ते पातेलं नको. हलवलं. नेर्लीचा हंगाम संपला, ती पुढच्या वर्षी.

उरलेल्या करवंदांची जेली टांगली आहे. अजून पिळलेली नाही.

दोन_बोटं_साखर | १७ मे, दुपारी ४.५०

झोपा.

अंगणवेडी | १४ जुलै, संध्याकाळी ७.१०

करवंदाची एकतीस रोपं आहेत, पाऊस मजेत खातायत. अळूच्या पिशव्यांत आठ आठवडे काही नव्हतं. सून दोनदा म्हणाली ओतून टाकू, मी नाही म्हटलं. आज एका पिशवीत काहीतरी वर आलंय. बोटभर उंच. पण माती बागेतलीच आहे, मिरची-बिरची नसेल ना? दोनदा फसले आहे, तिसऱ्यांदा नको.

पानशिरा | १४ जुलै, संध्याकाळी ७.२५

खरी पानं आली आहेत का? आली असतील तर दोन पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर असतील तर दोन देठांच्या मधे खोडावर बारीक टोकदार पातं आहे का बघा. कॉफीच्या कुळाची ती खूण. मिरचीला नसते.

अंगणवेडी | १४ जुलै, संध्याकाळी ७.४८

बॅटरी घेऊन बघून आले. समोरासमोर. मधे तांदळाच्या कणीएवढं टोक आहे, दोन्ही बाजूंना. छत्री सुनेनं धरली होती.

पानशिरा | १४ जुलै, संध्याकाळी ७.५२

मग अळूच. रात्री पिशवीभोवती राख टाका, गोगलगायी सुटल्यात.

जांबोटीकर | १४ जुलै, रात्री ९.३०

राख पावसात वाहून जाईल. पिशवी उचलून कट्ट्यावर ठेवा. आणि उरलेल्या तेवीस फेकू नका.